एकटी आलेली मुले, त्यांचा निवारा आणि सरकारी अनुदान

आई-वडील किंवा दुसरे कुणी जबाबदार माणूस सोबत नसताना परगावाहून आलेल्या मुलासाठी भारतीय कायद्यात वेगळे नाव नाही. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ त्याला ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ या मोठ्या वर्गात धरतो. घरातून पळालेले, हरवलेले, रस्त्यावर राहणारे, भीक मागणारे, बेकायदा कामाला जुंपलेले, ज्याच्या पालकांचा ठावठिकाणा लागत नाही असे मूल या वर्गात येते. वय १८ पूर्ण झालेले नसावे, एवढीच ‘बालका’ची व्याख्या आहे. मूल कर्नाटकातले आहे, तेलंगणातले आहे की देशाबाहेरचे, याने त्या व्याख्येत फरक पडत नाही.

अशा मुलाच्या राहण्या-जेवणाचा खर्च सरकार उचलते, पण तो मुलाला सांभाळणाऱ्या कुणालाही मिळत नाही. बालकल्याण समितीचा लेखी आदेश, नोंदणीकृत संस्था आणि त्या संस्थेच्या पटावर मुलाचे नाव, या तीन गोष्टी जुळल्यावरच अनुदानाचा हिशेब सुरू होतो. मूल आधी ठेवून घेऊ आणि कागद मागाहून करू, असे म्हणणाऱ्याला पैसा तर मिळत नाहीच, वर कायद्याचा बडगा बसू शकतो. म्हणून अनुदान समजून घ्यायचे तर सुरुवात मूल सापडल्या क्षणापासून करावी लागते.

कुंभारीत हा प्रश्न पुस्तकी नाही. दक्षिण सोलापूर तालुक्यातले हे गाव सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर आहे. एका बाजूला मुंबई-चेन्नई मार्गावरचे सोलापूर जंक्शन, दुसरीकडे स्वामी समर्थांचे अक्कलकोट आणि त्यापलीकडे कर्नाटकाची हद्द. गावाच्या शिवारात कष्टकऱ्यांच्या दोन मोठ्या वसाहती उभ्या राहिल्या. विडी कामगार महिलांसाठीची कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहत सुमारे दहा हजार घरांची असून तिचे हस्तांतरण २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते झाले. रे नगर हा ३०,००० घरांचा प्रकल्प. त्यातली पहिली १५,००० घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते देण्यात आली. यंत्रमाग कामगार, विडी कामगार, कचरावेचक, फेरीवाले अशी इथली वस्ती. जिथे बांधकाम, ढाबे आणि हातावरचे पोट असलेली माणसे आहेत, तिथे कामाच्या शोधात किंवा कुणाच्या तरी मागे एकटे आलेले मूल लोकांच्या नजरेत सहज भरत नाही. अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालयही कुंभारीतच आहे. त्यामुळे आजारी किंवा जखमी अवस्थेत कुणीतरी आणून सोडलेले मूल पहिल्यांदा डॉक्टर-परिचारिकांच्या समोर येऊ शकते.

पहिले २४ तास

पालकांपासून दुरावलेले, एकटे पडलेले मूल दिसले तर २४ तासांच्या आत कळवणे ही कायद्याच्या ३२व्या कलमानुसार प्रत्येकाची जबाबदारी आहे. यात पोलीस, रुग्णालय, संस्था आणि साधा नागरिक, सगळे आले. कळवायचे कुणाला, तर चाइल्ड हेल्पलाइन १०९८, जवळचे पोलीस ठाणे, बालकल्याण समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष, यांपैकी कुणालाही. नोंदणीकृत बालगृहाच्या ताब्यात मूल देता येते. माहिती दडवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. घरी ठेवून घेणाऱ्याचा हेतू चांगला असला तरी हे कलम त्याला लागू होते, हे वस्तीतल्या लोकांना आवर्जून सांगायला हवे.

१०९८ ही सेवा १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली, तेव्हा ती स्वयंसेवी कामातून उभी राहिलेली होती. २०२३ पासून ती राज्य सरकारांच्या महिला व बाल विकास विभागांकडे गेली आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली. फोन करणाऱ्याने मूल कुठे आहे, वय साधारण किती, कोणती भाषा बोलते आणि जखमी आहे का, एवढे सांगितले तरी पुरते. मुलाचा फोटो काढून व्हॉट्सअॅपच्या गटांवर टाकणे मात्र टाळावे. शोधाच्या नावाखाली हे सर्रास चालते. पण कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. फोटो प्रसिद्ध करायचा की नाही हे समिती ठरवते.

पोलीस ठाण्यात गेल्यावर ‘बालकल्याण पोलीस अधिकारी’ कोण, हे विचारावे. प्रत्येक ठाण्यात किमान सहायक उपनिरीक्षक दर्जाचा असा एक अधिकारी नेमलेला असतो. मुलाशी बोलताना त्याने गणवेशात नसावे आणि मुलाला कोठडीत बसवू नये, अशी तरतूद आहे. ठाण्याच्या दैनंदिनीतील नोंद क्रमांक लिहून घेतलेला बरा. पुढे कागद हरवले तर तोच दुवा उरतो.

त्यानंतर प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत मूल बालकल्याण समितीपुढे हजर व्हावे लागते. हजर करण्याचा अधिकार फक्त पोलिसांना आहे, हा गैरसमज आहे. लोकसेवक, कामगार निरीक्षक, सामाजिक कार्यकर्ता, डॉक्टर, परिचारिका, कुणीही सुजाण नागरिक, इतकेच काय मूल स्वतःसुद्धा समितीपुढे जाऊ शकते. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात आणि महिन्यात किमान २० दिवस तिची बैठक व्हावी लागते. बैठक नसेल त्या वेळी, रात्री किंवा सुटीच्या दिवशीही, एकट्या सदस्यापुढे मूल हजर करता येते. ‘आज समिती बसत नाही, सोमवारी या’ हे उत्तर म्हणूनच ग्राह्य धरू नये. दोन वर्षांखालचे मूल रुग्णालयात असेल आणि हलवण्याजोगे नसेल, तर छायाचित्रासह लेखी अहवाल २४ तासांत पाठवायचा आणि बरे झाल्यावर हजर करायचे.

आदेशापासून अनुदानापर्यंत

समितीपुढे मूल आणताना भरायचा अहवाल नमुना १७ मध्ये असतो. तो घाईत भरला जातो आणि पुढची बरीच दिरंगाई तिथेच पेरली जाते. ‘पत्ता माहीत नाही’ असे दोन शब्द लिहिण्यापेक्षा मुलाने सांगितलेल्या खुणा जशाच्या तशा लिहाव्यात. गावाजवळचे स्टेशन, शाळेच्या भिंतीचा रंग, वडील कोणत्या पिकाच्या कामाला जातात, गावची जत्रा कोणत्या देवाची, आजोळी बोलतात ती भाषा. सात वर्षांच्या मुलाला तालुक्याचे नाव सांगता येत नसेल, पण घराजवळच्या मंदिराचे नाव बहुधा सांगता येते. सोलापुरात मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगू बोलणारी माणसे गल्लोगल्ली आहेत, ही इथली मोठीच सोय. दुभाषा म्हणून त्यांचा उपयोग समितीला करून घेता येतो. मात्र ज्याच्याकडे मूल कामाला होते, त्यालाच दुभाषा म्हणून बसवू देऊ नये.

मुलाला संस्थेत ठेवायचे ठरले तर समिती नमुना १८ मध्ये आदेश देते. अनुदानाच्या दृष्टीने हा सगळ्यात महत्त्वाचा कागद. त्यावर मुलाचे नाव (कळले नसेल तर समितीने दिलेले नाव), अंदाजे वय, संस्थेचे नाव, तारीख आणि पुढची हजेरी असावी लागते. सामाजिक तपासणी अहवाल १५ दिवसांत आणि अंतिम निर्णय पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत व्हावा अशी कायद्याची अपेक्षा आहे. आदेश मुदतीचा असेल आणि मुदत संपल्यावर तो वाढवून घेतला नाही, तर मूल संस्थेत जेवत असते, पण तपासणीत त्या दिवसांच्या अनुदानावर आक्षेप निघू शकतो. संस्थेच्या लिपिकाने प्रत्येक मुलामागे आदेशाच्या तारखांचे वेगळे पान ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय.

पैसा येतो तो मुख्यतः ‘मिशन वात्सल्य’ या केंद्र पुरस्कृत योजनेतून. २००९-१० मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बाल संरक्षण योजनेचे हे पुढचे रूप. २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी तिला मंजुरी मिळाली आणि जुलै २०२२ मध्ये तिची मार्गदर्शक तत्त्वे आली. महाराष्ट्रासारख्या राज्यात खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा. बालगृहातल्या प्रत्येक मुलामागे परिपोषणासाठी दरमहा ३,००० रुपये धरलेले आहेत. आधी हा आकडा २,१६० होता. अधीक्षक, समुपदेशक, गृहपिता, स्वयंपाकी यांचे मानधन या रकमेत येत नाही. त्याचे मंजूर पदांप्रमाणे वेगळे गणित असते आणि ते साधारण ५० मुलांच्या एककावर बेतलेले असते.

महिन्याचे ३,००० म्हणजे दिवसाचे शंभर रुपये. त्यात दोन वेळचे जेवण, न्याहारी, कपडे, अंथरूण-पांघरूण, साबण, तेल, किरकोळ औषधे. केंद्राच्या आदर्श नियमांतल्या आहारतक्त्यात रोज माणशी ६०० ग्रॅम तांदूळ, गहू, नाचणी किंवा ज्वारी, १२० ग्रॅम डाळ आणि २५ ग्रॅम तेल सांगितले आहे. महिन्याचा हिशेब मांडला तर १८ किलो धान्य, ३ किलो ६०० ग्रॅम डाळ आणि पाऊण किलो तेल होते. भाज्या, दूध, अंडी वेगळी. तक्त्यात ज्वारी आहे ही सोलापूरकरांच्या पथ्यावर पडणारी गोष्ट. कर्नाटकातून आलेल्या मुलालाही भाकरी परकी नाही. पण शंभर रुपयांत हे सगळे नीट बसवायचे तर काटकसर पुरत नाही, दुसरे स्रोत जोडावे लागतात. कल्याणकारी संस्था व वसतिगृहांसाठी सवलतीच्या दराने धान्य देण्याची केंद्राची योजना आहे. त्यासाठी जिल्हा पुरवठा कार्यालयात अर्ज करावा लागतो. शासनमान्य अनाथाश्रमांतील मुलांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार मिळतात. शाळेची फी, पुस्तके यांचा प्रश्न बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या कायद्याने आठवीपर्यंत सुटतो. दाखला नाही, आधार नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि वयाला साजेसा वर्ग द्यावा लागतो.

निधीची वाट लांबची आहे. जिल्ह्याची मागणी राज्याकडे जाते, राज्याचा एकत्रित प्रस्ताव केंद्राच्या प्रकल्प मंजुरी मंडळापुढे जातो, मंजुरीनंतर हप्ते सुटतात आणि पुढचा हप्ता आधीच्या खर्चाच्या विनियोग प्रमाणपत्रावर अवलंबून असतो. संस्थेला हे प्रमाणपत्र सर्वसाधारण वित्तीय नियमांतल्या नमुना १२-अ मध्ये, लेखापरीक्षणासह द्यावे लागते. त्यामुळे मूल आज आले आणि पैसा याच महिन्यात आला असे होत नाही. ज्या संस्थेला काही महिन्यांचा खर्च स्वतःच्या देणग्यांतून पेलता येत नाही, तिने बालगृहाच्या फंदात पडू नये. कडू वाटले तरी हे खरे आहे, कारण अनुदान थकल्याची झळ आधी जेवणाच्या ताटाला लागते.

सोलापूर जिल्ह्याला देणगीवर मुले सांभाळण्याची परंपरा जुनी आहे. पंढरपुरात न्यायाधीश म्हणून आलेले लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये अनाथ व टाकून दिलेल्या मुलांसाठी आश्रम सुरू झाला. प्रार्थना समाजाने तो चालवला आणि वा. बा. नवरंगे बालकाश्रम या नावाने तो ओळखला जातो. त्या काळी सरकारी दराचा प्रश्नच नव्हता. आज सरकार पैसा देते, त्याबरोबर मोजमापही आणते, आणि ते आणावेच. मोजमाप नसलेल्या आश्रमांत मुलांचे काय होऊ शकते, याची प्रकरणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. तमिळनाडूतल्या अनाथाश्रमांतील शोषणाच्या प्रकरणात मे २०१७ मध्ये न्यायालयाने देशभरातल्या सगळ्या बालसंगोपन संस्थांची नोंदणी त्या वर्षअखेरपर्यंत पूर्ण करण्याचे निर्देश दिले, ते याच पार्श्वभूमीवर.

संस्थेला अनुदान हवे असेल तर

सरकारी मदत मिळो वा न मिळो, अशी मुले ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला कलम ४१ खाली नोंदणी सक्तीची आहे. विनानोंदणी संस्था चालवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. अर्ज नमुना २७ मध्ये जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयामार्फत जातो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर (अंमल १ सप्टेंबर २०२२ पासून) जिल्हाधिकाऱ्यांची शिफारस विचारात घेतली जाते. अर्ज केल्यापासून महिन्याभरात तात्पुरते प्रमाणपत्र मिळाले नाही, तर अर्जाची पोच हीच जास्तीत जास्त सहा महिने तात्पुरती नोंदणी मानली जाते. पोच घेतल्याशिवाय अर्ज टेबलावर ठेवून येऊ नये, ते यासाठी. पक्की नोंदणी पाच वर्षांची असते.

नोंदणी म्हणजे अनुदान नव्हे, हे इथे ठळकपणे सांगावे लागते. नोंदणी ही चालवण्याची परवानगी. अनुदान जिल्ह्याच्या गरजेवर आणि मंजूर क्षमतेवर ठरते. त्यासाठी न्यास नोंदणी, घटना, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, नीति आयोगाच्या दर्पण संकेतस्थळावरचा क्रमांक, जागेचे कागद, अग्निसुरक्षा आणि इमारतीच्या मजबुतीचे दाखले, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी एवढे तरी हाताशी लागते. जागेची मापे नियमांत आहेत. २५ मुलांच्या झोपण्याच्या दालनाला १,००० चौरस फूट, म्हणजे डोक्यामागे ४० चौरस फूट. सात मुलांमागे एक शौचालय, दहांमागे एक न्हाणीघर. वसाहतीतली दोन-तीन घरे जोडून बालगृह काढण्याची कल्पना या मापांपुढे टिकत नाही.

शिवाय नवे बालगृह काढणे हा कुंभारीसाठी शहाणपणाचा मार्ग आहे का, हेही तपासावे. कायदा आणि मिशन वात्सल्य, दोघांच्याही लेखी संस्था हा शेवटचा पर्याय आहे. गावातल्या मंडळाला किंवा रुग्णालयाला मदत करायचीच असेल तर कलम ५१ खाली ‘योग्य सुविधा’ म्हणून समितीची मान्यता घेता येते. मग ठरावीक कामासाठी, काही काळापुरती मुलाची जबाबदारी घेता येते. एखाद्या कुटुंबाला मूल सांभाळायचे असेल तर प्रतिपालकत्वाची प्रक्रिया जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे आहे. त्यात कुटुंबाची गृहचौकशी होते आणि मुलासाठी दरमहा ४,००० रुपये मिळू शकतात. बालगृहापेक्षा हा आकडा मोठा आहे, तो सरकारचा कल कुठे आहे ते दाखवतो. मुलाची घरी परतण्याची शक्यता असेपर्यंत मात्र दत्तकाची भाषा कुणी करू नये. दत्तकासाठी मूल कायदेशीररीत्या मुक्त घोषित व्हावे लागते आणि ती वाट पूर्ण वेगळी आहे.

अनुदान घेणाऱ्या संस्थेची तपासणी जिल्हा समिती तीन महिन्यांतून एकदा तरी करते. तिच्यात किमान तीन जण, त्यांत एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी असतात. बालकल्याण समितीनेही महिन्यातून दोन भेटी द्यायच्या असतात. हजेरीपट आणि ताटे मोजून पाहणारा तपासनीस कामाचा. नुसती रजिस्टरे चाळणाऱ्याकडून काही निष्पन्न होत नाही.

घरी परतण्याचा खर्च

मुलाचे घर सापडले आणि तिथे परतणे त्याच्या हिताचे आहे असे ठरले, तर कलम ९५ खाली समिती त्याला त्याच्या जिल्ह्याच्या समितीकडे पाठवते. त्याआधी तिकडच्या समितीशी बोलणे आवश्यक असते. विशेष बाल पोलीस पथकाने आदेश मिळाल्यापासून १५ दिवसांत मुलाला पोहोचवायचे असते आणि मुलगी असेल तर सोबत महिला पोलीस हवी. सोबत जाणाऱ्यांचा प्रवासभत्ता आगाऊ देण्याची तरतूद याच कलमात आहे. प्रत्यक्षात मूल अडकते ते इथेच. बंदोबस्त, मनुष्यबळ, तिकिटे अशी कारणे पुढे येतात आणि १५ दिवसांचे महिने होतात. संस्थेच्या अधीक्षकाने आदेशाची प्रत जोडून पथकाला आणि जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्याला लेखी स्मरणपत्र द्यावे. तोंडी पाठपुराव्याला पुरावा नसतो.

रेल्वेने आलेल्या मुलांसाठी रेल्वे सुरक्षा दलाची कार्यपद्धती वेगळी आहे, पण शेवटी तीही याच समितीकडे येते. सोलापूर हे मध्य रेल्वेच्या विभागाचे मुख्यालय असल्याने कुंभारीत सापडलेल्या मुलाच्या प्रवासाचा माग तिथे लागू शकतो.

घरी पोहोचवले म्हणजे प्रश्न संपला असे नाही. ज्या दारिद्र्याने मूल बाहेर पडले ते तसेच असेल, तर ते पुन्हा गाडीत बसेल. मिशन वात्सल्यमधले प्रायोजकत्व यासाठीच आहे. ग्रामीण भागात वार्षिक ७२,००० आणि शहरी भागात ९६,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील पात्र मुलाला दरमहा ४,००० रुपये मिळू शकतात आणि संस्थेतून घरी परतलेल्या मुलांचा त्यात स्पष्ट विचार आहे. मूल महाराष्ट्रातलेच असेल तर राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, दरमहा २,२५० रुपयांची. मूल दुसऱ्या राज्यात परत जात असेल तर प्रायोजकत्वाचा अर्ज त्या जिल्ह्यात करावा लागतो. इथल्या समितीने अंतिम आदेशात तशी शिफारस लिहिली तर तिथल्या कुटुंबाचे काम सोपे होते.

कामावरून सोडवलेले मूल असेल तर आणखी एक पैसा असतो, आणि तो संस्थेचा नाही, मुलाचा असतो. बालकामगार कायद्यातील निधीत मालकाचा दंड आणि सरकारचे प्रत्येक मुलामागे १५,००० रुपये जमा होतात. उचल घेऊन, धाकाने किंवा डांबून कामाला ठेवल्याचे सिद्ध झाले, तर ते वेठबिगारीत येते. त्यात जिल्हाधिकारी ३०,००० रुपयांपर्यंत तातडीची मदत देऊ शकतात आणि मुलांसाठी पुनर्वसनाची रक्कम दोन लाख रुपये आहे. त्यासाठी मुक्तता प्रमाणपत्र लागते. सुटकेच्या दिवशी नुसता ‘बालकामगार’ म्हणून पंचनामा झाला आणि उचल, मजुरी, कोंडून ठेवणे यांचा उल्लेखच राहिला, तर हा हक्क हातचा जातो. पंचनाम्याच्या वेळी हजर असणाऱ्या कार्यकर्त्याने एवढे एक वाक्य लिहून घेतले तरी मोठे काम होते.

मागे राहिलेल्या मुलांची योजना वेगळी

एकटी आलेली मुले आणि आई-वडील स्थलांतरित झाल्यामुळे गावात मागे राहिलेली मुले, यांची गल्लत नेहमी होते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांच्या मुलांसाठी समग्र शिक्षा अभियानातून हंगामी वसतिगृहे चालतात. ती शाळा व्यवस्थापन समितीमार्फत, गळीत हंगामापुरती असतात. तिथे बालकल्याण समितीच्या आदेशाची गरज नाही, मुख्याध्यापकांनी स्थलांतरित पालकांची यादी वेळेत पाठवणे महत्त्वाचे. ही यादी टोळ्या निघण्याआधी, दिवाळीच्या सुमारास तयार असावी. पालकांबरोबर गेलेल्या मुलाला शिक्षण हमी कार्ड दिले, तर दुसऱ्या गावच्या शाळेत प्रवेश सोपा होतो. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये राज्याने संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आखली. ४१ तालुक्यांत मुलांचे आणि मुलींचे मिळून ८२ वसतिगृहांची. तिचा पैसा कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे घेतल्या जाणाऱ्या रकमेतून आणि राज्याच्या वाट्यातून येतो. हंगामी वसतिगृहाच्या पैशातून रस्त्यावर सापडलेल्या मुलाला ठेवता येत नाही आणि बालगृहाच्या अनुदानातून ऊसतोड्याच्या मुलाला हंगामापुरते ठेवणेही योग्य नाही. आई-वडील जिवंत आणि जबाबदार असलेल्या मुलाला ‘निराधार’ दाखवून पट फुगवणे हा तर सरळ गैरव्यवहार आहे.

गावपातळीवर सरपंचांच्या अध्यक्षतेखालील ग्राम बाल संरक्षण समितीने या दोन्ही प्रकारच्या मुलांच्या याद्या ठेवाव्यात. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला दहा टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवायचा असतो. त्यातून बालगृह चालणार नाही, पण १०९८ चे फलक रे नगरच्या प्रत्येक चौकात, बसथांब्यावर आणि रुग्णालयाच्या आवारात, मराठी, कन्नड आणि तेलुगूत लावता येतात.

वय १८ पूर्ण झाले की बालगृहाचे परिपोषण थांबते. त्यानंतर कलम ४६ खालची अनुरक्षण मदत दरमहा ४,००० रुपयांपर्यंत, साधारणपणे २१ वर्षांपर्यंत आणि अपवाद म्हणून २३ पर्यंत मिळू शकते. ती आपोआप सुरू होत नाही. सतरावे सरताना वैयक्तिक काळजी आराखड्यात पुढचे शिक्षण किंवा व्यवसाय प्रशिक्षण लिहून घ्यावे लागते, आधार आणि स्वतःच्या नावाचे बँक खाते तयार लागते. ज्यांचे आई-वडील दोघेही नाहीत त्यांनी महिला व बाल विकास विभागाकडून अनाथ प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे; शिक्षण आणि शासकीय नोकरीतले अनाथांसाठीचे एक टक्का आरक्षण त्यावरच मिळते. प्रमाणपत्रासाठी लागणाऱ्या नोंदी, म्हणजे पहिला नमुना १७, पहिला आदेश आणि पोलीस ठाण्यातली दैनंदिनी नोंद, संस्थेच्या फायलीत असतात. संस्था सोडताना त्यांच्या साक्षांकित प्रती मागून घेण्याचा हक्क त्या तरुणाला आहे.